मुक्ताच्या गाडीच्या पाच खिडक्या

माझ्या मुलीच्या रेसच्या गाडीतून बाहेरचं काहीही दिसेनासं झालं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्याकडे पाहुणे आले की चहाबरोबर ही हकीकत दिली जातेच. म्हटलं, एकदा आरोपीच्या तोंडूनही येऊ दे.

मी बत्तीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपरचा धर्म एकच असतो. माल ज्या वेष्टनात आला, त्याच वेष्टनात राहिला पाहिजे. माल मागायला खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस मुळात नासधूस करायलाच आलेला असतो, अशी माझी तेव्हाही समजूत होती आणि आजही आहे. निवृत्त झालो, पण सवय काही निवृत्त झाली नाही. आमच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. फ्रिजच्या दारावर कंपनीनं लावलेली निळी पातळ फिल्म अजून आहे (फ्रिज अकरा वर्षांचा आहे). सोफ्यावर उन्हाळ्यात बसलं की उठताना आवाज येतो. माझी बायको वसुधा आल्यागेल्याला सांगते, "मला माहेराहून पॅकिंगमध्ये पाठवलं असतं, तर मी अजून माळ्यावर असते."

आमची मुलगी मुक्ता नेमकी उलटी. मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनियर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तिनं ऑफिसातल्या एका मित्राकडून जुनी छोटी गाडी घेतली. घेतली तेव्हा तिला मागचं सीट होतं, एसी होता, खाली गालिचा होता, गाणी लागत होती. मुक्तानं एकेक करून सगळं काढलं. लोक गाडीला काहीतरी नवीन लावतात. आमची मुलगी दर रविवारी काहीतरी काढून माझ्या हातात द्यायची आणि मी ते कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायचो. "आता चाकं तेवढी राहू दे गं," असं वसुधा एकदा म्हणाली, तर मुक्तानं चाकांकडे जरा विचारात पडून पाहिलं.

हे सगळं कशासाठी, तर शर्यतीसाठी. मोठ्या मैदानावर रबरी शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात आणि एकेका गाडीनं घड्याळ लावून तो पार करायचा. गाडी जितकी हलकी, तितकी ती वळणावर ऐकते. गेल्या वर्षी मुक्तानं पहिल्यांदा नाव दिलं होतं. पण शर्यतीआधी गाडीची तपासणी असते, आणि तिच्या सीटचे बोल्ट चुकीचे निघाले म्हणून तपासनिसानं तिला गेटवरूनच परत पाठवलं. दिवसभर ती तिथंच कुंपणाला टेकून दुसऱ्यांच्या वेळा लिहीत बसली. घरी आली आणि न जेवता झोपली. एरवी मुक्ता चिडते, भांडते, दारं आपटते. त्याची आम्हाला सवय आहे. ती गप्प बसली की मला घास गिळवत नाही.

या वर्षी बोल्ट बरोबर होते. राहिल्या होत्या काचा. काच जड असते म्हणे, आणि तीही गाडीत उंचावर. त्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक, चिवट प्लास्टिक बसवलं की वजन निम्म्यावर येतं आणि आपटलं तरी फुटत नाही. समोरची मोठी काच तशीच ठेवायची, बाकीच्या पाच बदलायच्या. पण शर्यतीला दहा दिवस उरले असताना मुक्ताला ऑफिसनं चेन्नईला धाडलं.

"बाबा, खिडक्यांचं काम तू करशील?" तिनं बॅग भरता भरता विचारलं.

"मी?"

"तुझ्या हाताला घाई नाही. मेकॅनिककडे दिलं तर तो ओरखडे पाडून ठेवेल."

सत्तावीस वर्षांत मुलीनं माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं तांत्रिक काम. मी वसुधाकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि लगेच माळ्यावर करवत शोधायला चढलो.

दुसऱ्या दिवशी भवानी पेठेत जाऊन शीट आणलं. दुकानदार वर न बघता बोलणारा होता.

"दोन्ही बाजूंना फिल्म आहे. बसवायच्या आधी काढा. काढली नाहीत तर उन्हात ठेवू नका."

"मी बत्तीस वर्षं स्टोअर्समध्ये काढली आहेत," मी म्हणालो.

"मग तुम्ही विसराल," तो म्हणाला आणि पावती पुढे सरकवली.

फिल्मवर इंग्रजीत ठसठशीत छापलेलंही होतं, वीतभर अंतरावर, पुन्हा पुन्हा : बसवण्याआधी ही फिल्म काढावी. मी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. पण बत्तीस वर्षांत अशा सूचना मी हजारो खोक्यांवर वाचल्या होत्या, आणि माझ्या मते त्या वापरणाऱ्यांसाठी असतात, सांभाळणाऱ्यांसाठी नसतात.

आता खरं सांगतो, काम मी सुंदर केलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चटई अंथरून जुन्या काचांचे कागदावर साचे काढले. बारीक दात्यांच्या करवतीनं शीट कापलं. उन्हानं ते फुगतं म्हणून भोकं बोल्टपेक्षा किंचित मोठी पाडायची असतात, तीही तशी पाडली. कडेनं काळा चिकट सिलंट भरला. तळमजल्यावरचे वानखेडे साहेब हे सगळं खुर्ची टाकून पाहत होते. ते अमरावतीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पंधरा वर्षं पुण्यात राहून त्यांचं मराठी आता आमच्याहून शुद्ध झालं आहे, फक्त धक्का बसला की ते गावाकडे जातं.

"आपण ती फिल्म काढणार नाही का?" त्यांनी विचारलं.

"शर्यतीच्या आदल्या दिवशी काढू. इथं धूळ किती आहे बघताय ना. शिवाय कबुतरं आहेत."

"बरोबर आहे," वानखेडे म्हणाले. (हे मी मुद्दाम नोंदवतो आहे. पुढे त्यांनी आपण असं म्हणालोच नाही, असा पवित्रा घेतला.)

मग सिलंट सुकायचा प्रश्न आला. पार्किंगमध्ये सावली, तिथं तो काही लवकर सुकेना. म्हणून मी आणि वानखेड्यांनी गाडी ढकलत मागच्या मोकळ्या जागेत नेली. मे महिना, डोक्यावर रखरखीत ऊन. एका बाजूचा सिलंट सुकेल आणि दुसऱ्या बाजूचा ओला राहील म्हणून मी रोज दुपारी गाडीचं तोंड फिरवून ठेवत असे. पापड वाळत घातल्यावर उलटतात, तसं. सात दिवस मी त्या पाच खिडक्या दोन्ही अंगांनी खरपूस भाजल्या.

मधेच मुक्ताला फोटो पाठवला. तिचा मेसेज आला : "भारी झालंय बाबा. फिल्म काढलीस ना?"

मी अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ 'हो' असाच होतो असं नाही. 'वाचलं' असाही होतो. मला स्वतःला त्या क्षणी तो दुसरा अर्थ अभिप्रेत होता.

आणि याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली, जी मी आयुष्यात कधी केली नव्हती. काढलेल्या मूळ काचा मी माळ्यावर चढवायला निघालो, तेव्हा वसुधा शिडीला हात लावून उभी राहिली. "त्या काचा वर जाणार असतील तर मी खाली राहणार नाही," ती म्हणाली. मीही मुलीच्या कामानं जरा उदार झालो होतो. म्हटलं, जाऊ दे. खाली भंगारवाला ओरडतच होता. मी पाचही काचा त्याच्या हातगाडीवर ठेवल्या आणि फार मोकळं वाटलं. वसुधानं त्या दिवशी शिरा केला.

शनिवार उजाडला. मुक्ता दुपारी यायची होती, रविवारी सकाळी शर्यत. मी अंघोळ करून खाली उतरलो. सगळ्यात महत्त्वाचं काम आधी उरकावं म्हणून चालकाच्या बाजूच्या खिडकीपासून सुरुवात केली. फिल्मचा कोपरा नखानं उचलला आणि हळूच ओढला.

तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा हातात आला.

दुसरा कोपरा उचलला. दुसरा दाणा. अर्ध्या तासात मी बशीभर तांदूळ गोळा केले आणि खिडकी होती तशीच होती. फिल्म आता फिल्म राहिली नव्हती. ती खिडकीची कातडी झाली होती. आतल्या बाजूनं प्रयत्न केला. आतून तर दाणाही निघेना.

वसुधा खाली आली. तिनं न विचारता सगळं ओळखलं.

"बरणीवरचं लेबल काढताना मी खोबरेल लावते," ती म्हणाली.

खोबरेल लावलं. खिडकी चमकायला लागली, फिल्म जागच्या जागी. आता तिला धरताही येईना.

वानखेडे साहेब सुनेचा हेअर ड्रायर घेऊन आले. "उष्णतेनं चिकटलं आहे, उष्णतेनंच सुटेल," त्यांनी खात्यातल्या आवाजात सांगितलं आणि ड्रायर सर्वात मोठ्या आकड्यावर ठेवून अगदी जवळ धरला. फिल्मला सुरकुत्या पडल्या, ती दुधावरच्या सायीसारखी गोळा झाली आणि त्या सुरकुत्यांसकट पुन्हा घट्ट बसली.

"हे तं अजूनच चिकटलं ना बाप्पा," वानखेडे म्हणाले. मी समजलो, साहेब अमरावतीला पोचले.

गरम पाणी झालं. साबणाचं पाणी झालं. लिंबू झालं (ते का, हे आता कोणालाच आठवत नाही). अकरा वाजले. घामानं माझा शर्ट पाठीला फिल्मसारखा चिकटला होता. डोळ्यांपुढे गेल्या वर्षीची मुक्ता दिसायला लागली, कुंपणाला टेकून वही धरलेली. माणसाचा धीर सुटला की त्याची नजर कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे जाते. गेट रंगवताना उरलेली थिनरची बाटली तिथं होती. अर्थात मी ती जपून ठेवली होती.

"थांबा, त्यावर काय लिहिलंय ते वाचा तरी," वसुधा म्हणाली.

पण मी त्या आठवड्यात कोणत्याच सूचना वाचायच्या मनःस्थितीत नव्हतो. फडक्यावर थिनर घेतला आणि खिडकीवर फिरवला, आणि काय सांगू, फिल्म सुटली! नुसती सुटली नाही, विरघळून ओघळायला लागली. मी आनंदानं दोन्ही बाजूंनी, काठापासून काठापर्यंत, वरपासून खालपर्यंत थिनर चोळला. दहा मिनिटांत एक कणही उरला नाही. कोरड्या फडक्यानं पुसून मी दोन पावलं मागे सरलो.

खिडकी पांढरी झाली होती.

आधी वाटलं ओल आहे, वाळली की जाईल. वाळली तशी आणखी पांढरी झाली. जवळ जाऊन पाहिलं तर प्लास्टिकच्या अंगात केसासारख्या हजारो भेगा, काठापासून काठापर्यंत, वरपासून खालपर्यंत. मी काम अर्धवट करत नाही. बाथरूमच्या खिडकीला असते तशी काच झाली होती : उजेड येतो, पलीकडे कोणीतरी आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

मग वानखेडे साहेबांनी ड्रायरची वायर गुंडाळली. "मी तं काही हात नाही लावला जी," ते म्हणाले आणि घरात गेले.

मी दुकानदाराला फोन लावला.

"शनिवार-रविवार दुकान बंद. सोमवारी या."

"अहो, उद्या शर्यत आहे."

"मग तर सोमवारी निवांत या. शर्यत होऊन गेलेली असेल."

"तसं नाही, मला आत्ता एकच तुकडा हवा आहे. जुना गेला."

"कसा गेला?"

मी थोडक्यात सांगितलं. पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला.

"थिनर तुम्ही स्वतः लावलात, की कोणी सांगितलं?"

"स्वतः."

"बत्तीस वर्षं म्हणालात ना?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

मग मूळ काचांची आठवण झाली. माळ्याकडे धावलो, अर्ध्या शिडीवर आठवलं, आणि तिथंच बसलो. मागचं सीट माळ्यावर होतं. गालिचा होता. बारा वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं खोकं होतं. जन्मात एकदाच मी एक वस्तू टाकली होती, आणि जन्मात एकदाच मला माळ्यावरची वस्तू लागली. खाली वसुधा उभी होती. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "खाली उतरा, चक्कर येईल." इतक्या मऊ आवाजात ती शेवटचं माझे वडील गेले तेव्हा बोलली होती.

अडीच वाजता मुक्ता आली. बॅग पाठीवर तशीच ठेवून आधी गाडीपाशी गेली. मी मागोमाग. तिनं त्या पांढऱ्या खिडकीवरून एक बोट फिरवलं, मग बाकीच्या चार खिडक्यांवरच्या, उन्हानं सुरकुतलेल्या निळ्या फिल्मकडे पाहिलं.

"बाबा, तू अंगठा पाठवला होतास."

"हो."

"गाडी कुठे होती आठवडाभर?"

"उन्हात. सिलंट सुकायला. रोज फिरवत होतो."

"रोज फिरवत होतास," ती म्हणाली. मग दार उघडून आत बसली आणि दार लावून घेतलं. बाहेरून मला फक्त एक नारिंगी ठिपका दिसत होता, तिच्या टी-शर्टचा. तो ठिपका हलत नव्हता. ती आत रडते आहे का, हे बघायला मी खिडकीला नाक लावलं, पण मीच केलेल्या कामामुळे मला ते कळेना. फार लाज वाटली. एवढ्या वयाला आपण पोरीचं वर्ष वाया घालवलं, तेही तिनं विश्वासानं सोपवलेलं एकमेव काम करताना, आणि तेही जपता जपता.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे कोरडे होते. हातात नियमांचं पुस्तक होतं.

"समोरची काच आणि चालकाच्या बाजूची खिडकी, या दोन स्वच्छ हव्यात. बाकी ठिकाणी पत्रा लावला तरी चालतो," ती वाचत म्हणाली. मग गाडीच्या डाव्या बाजूला गेली. "ही अजून जिवंत आहे. उलटी केली की उजवीकडे बसेल. आणि ती मेलेली डावीकडे."

"म्हणजे मी आता..." मी पुढे झालो.

"बाबा, तू त्या खुर्चीवर बस. हात मांडीवर ठेव."

मी वानखेड्यांच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसलो. मायलेकींनी डावी खिडकी उतरवून चटईवर ठेवली. मुक्तानं कोमट साबणाचं पाणी घेतलं, ड्रायर मागवला, तो लांबून, अगदी मंद. पाच मिनिटांनी वसुधाच्या हातात तांदळाचा दाणा आला. पंधरा मिनिटांनी मुक्ताच्या हातात दुसरा. मला दिसत होतं त्यांचं कुठे चुकतंय ते. त्या फिल्म वर ओढत होत्या. खोक्यावरचा टेप असा ओढला की फाटतो. तो पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, मागे दुमडून, श्वास रोखून ओढायचा असतो. बत्तीस वर्षं मी टेप काढले होते, तेही खोकं परत वापरता यावं अशा बेतानं. पण मला हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं. मी ओठ दाबून बसलो. शेवटी न राहवून पुटपुटलो, "आडवी."

"काय?" मुक्तानं मान वर केली.

"आडवी ओढ. वर नाही."

तिनं तसं केलं. बोटभर लांब पट्टी अखंड निघाली. तिनं पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वसुधाकडे पाहिलं.

"ये," ती म्हणाली. "पण एकही बाटली हातात घ्यायची नाही."

मी चटईवर मांडी घातली. मुक्ता पाणी लावायची, वसुधा लांबून ड्रायर धरायची, मी ओढायचो. बोट, बोट, बोट. एक बाजू झाली तेव्हा पाच वाजले होते. दुसरी बाजू होईतो माझ्या दोन्ही अंगठ्यांची सालं निघाली. (फिल्मपेक्षा ती सहज निघाली.) दिवेलागणीला वसुधानं मान ताणून पाहिलं तर खिडकी लख्ख. फक्त खालच्या कोपऱ्यात एक पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा काही केल्या सुटेना. आणि तो नेमका छापील तुकडा होता. इंग्रजीत, ठसठशीत : बसवण्याआधी ही फिल्म काढावी.

"राहू दे," मुक्ता म्हणाली. "आता त्याला हात लावलास तर मी घर सोडून जाईन."

रविवारी सकाळी गाडी टेम्पोवर चढवून आम्ही सासवडच्या दिशेनं निघालो. एका बाजूनं पांढरी, मागून सुरकुतलेली निळी. स्वारगेटच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या गृहस्थांनी गाडी नीट न्याहाळली आणि मला विचारलं, "भंगारात देताय का? थोडं उशिराच सुचलं तुम्हाला." वसुधा म्हणाली, "हो, पण भंगारवाला म्हणतो, आधी यांना उतरवा."

मैदानावर गेटपाशी तोच तपासनीस होता, गेल्या वर्षीचा. टोपी घातलेला, हातात कागद लावलेली पाटी. मुक्ताचा हात माझ्या कोपराशी आला आणि तिथंच राहिला. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत धरायची तसा. त्यानं बोल्ट पाहिले. पट्टे पाहिले. मग डाव्या खिडकीपाशी थांबला.

"हे काय आहे?"

"सर, त्या बाजूला पत्राही चालतो. नियमात आहे," मुक्ता म्हणाली.

"आहे. पत्रा जास्त बरा दिसला असता." तो उजवीकडे आला. आत बसला, दार लावलं, मान इकडे तिकडे करून खिडकीतून बाहेरचा आरसा दिसतो का ते पाहिलं. मग खाली वाकला. कोपऱ्यातला तुकडा बोटानं टोकरला, आणि मोठ्यानं वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"हे कोणी बसवलं?"

मुक्तानं माझ्याकडे बोट केलं.

"काका, आपण इंग्रजी वाचता का?"

"हो."

"मग बसवताना चष्मा नव्हता का?"

"डोळ्यांवरच होता," मी खरं ते सांगितलं.

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्या माणसाला बहुधा वडील असावेत. त्यानं कागदावर सही केली आणि म्हणाला, "गाडी पुढे घ्या. काकांना मागे ठेवा."

मुक्तानं माझा कोपर सोडला. मी वळून नाक शिंकरलं; तिथं धूळ फार होती.

शर्यतीचं मला फारसं कळलं नाही. तिची पाळी आली तेव्हा मी मैदानाच्या डाव्या अंगाला, सगळ्यात अवघड वळणापाशी, कुंपणाला चिकटून उभा होतो. गाडी धुरळा उडवत आली आणि माझा तोल गेला. मी दोन्ही हात वर करून "हळू! हळू गं! ब्रेक दाब!" असं जीव तोडून ओरडत होतो. टोपी काढून हलवली. शेवटी रुमालही हलवला. शेजारचे लोक दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले. मुक्तानं ब्रेक बिक काही दाबला नाही. गाडी वळणातून सरळ निघून गेली.

बावीस जणांत ती चौदावी आली. मला वाटलं ती हिरमुसेल, पण हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा फुलून आला होता. सरावातही एवढी चांगली वेळ तिनं कधीच दिली नव्हती म्हणे.

"बाबा, कुठे होतास तू?"

"डावीकडच्या वळणाशी," मी म्हणालो. "केवढा ओरडलो, हात केले, रुमाल हलवला. तू बघितलंसुद्धा नाहीस."

मुक्ता थबकली. तिनं त्या पांढऱ्या खिडकीकडे पाहिलं, मग वसुधाकडे. वसुधानं सावकाश मान डोलावली.

आता दुकानदाराकडून नवं शीट आणून चार खिडक्या मुक्तानं स्वतः बदलल्या आहेत. डावीकडची तेवढी तिनं बदललेली नाही, आणि मलाही त्या कामाला हात लावू दिलेला नाही. मात्र तेव्हापासून प्रत्येक शर्यतीला मला आग्रहाचं बोलावणं असतं. माझी उभं राहायची जागा ठरलेली आहे, आणि मी तिथंच उभा आहे ना, हे बघायला वसुधा सोबत येते.